जोर लावला की चेन सटकते: जुन्या-नव्या पार्टच्या सायकलचं नेहमीचं दुखणं

सपाट रस्त्यावर सायकल मस्त चालते. चढ लागला, किंवा सिग्नल सुटल्यावर पहिलं पायडल जोरात मारलं, की ‘खट्ट’ आवाज होतो, पायडल रिकामंच खाली जातं आणि नडगी सोलून निघते. भंगारातली फ्रेम, कुठल्यातरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं मागचं चाक आणि दुकानातली कोरी चेन असं जमवून केलेल्या सायकलींची माझ्याकडे येणारी सगळ्यात जास्त तक्रार हीच. सायकल आणणाऱ्याने तोवर चेन बदललेली असते, कधी कधी दोनदा. दुसरी चेनही सटकली की तो दुकानदाराला शिव्या घालत येतो.

चेनचा दोष यात क्वचितच असतो. सटकण्याच्या जागा तीन: चेन आणि दाते यांच्यामध्ये, फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरची, पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारी दातेरी चकती) पोटात, नाहीतर क्रँक (पायडलचा दांडा) आणि त्याच्या ॲक्सलच्या जोडात. पायाला तिन्ही जवळजवळ सारख्याच लागतात, म्हणून माणूस फसतो आणि चुकीचा पार्ट विकत आणतो. आधी जागा शोधायची, मग पाना हातात घ्यायचा.

लक्षणं

- फक्त जोर लावल्यावर सटकते, पायडल कुठल्याही जागी असो. हळू चालवलं तर काहीच होत नाही. बहुधा फ्रीव्हीलचे दाते झिजलेत, किंवा चेन ढिली आहे.

- जोर असो-नसो, ठरावीक अंतराने एक छोटा गचका बसतो. पायडलच्या फेऱ्या मोजा. साध्या सायकलच्या चेनला 110 च्या आसपास कड्या असतात आणि पुढच्या चेनव्हीलला, म्हणजे पायडलपाशीच्या दातेरी चाकाला, 44 दाते असले, तर चेनची एक पूर्ण फेरी पायडलच्या अडीच फेऱ्यांत होते. गचका दर अडीच फेऱ्यांनी येत असेल तर चेनमधली एखादी कडी आखडली आहे.

- पायडलच्या प्रत्येक फेरीत एकदाच, त्याच जागी ‘टक्’ होतं. चेनव्हीलचा एखादा दाता वाकलाय, किंवा क्रँक ॲक्सलवर आवळणारी कॉटर पिन ढिली आहे.

- एका फेरीत दोन-तीनदा गचके येतात. 44 दात्यांचं चेनव्हील एकदा फिरतं तेव्हा 18 दात्यांचं फ्रीव्हील जवळपास अडीच वेळा फिरतं, तेव्हा दोष मागे फ्रीव्हीलच्या एखाद्या दात्यात शोधा.

- पायडल पुढे फिरतंय, चेनही फिरतेय, पण चाकाला ओढ नाही. थोडं फिरवल्यावर अचानक पकडतं. हे फ्रीव्हीलच्या आतल्या कुत्र्यांचं, म्हणजे चाकाला पकडणाऱ्या छोट्या खटक्यांचं, काम.

- चेन सटकत नाही, सरळ उतरूनच पडते. ढिली आहे किंवा पुढचं-मागचं एका रेषेत नाही.

- गिअरच्या सायकलला एकाच गिअरवर सटकते, बाकीच्यांवर नाही. मागची ती एक दातेरी चकती झिजून संपली. सगळ्याच गिअरवर कुरकुर असेल तर आधी केबल बघा.

खडूने जागा शोधा

याला खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी हे करायचंच.

सायकलचं पुढचं चाक भिंतीला टेकवा. कुणाला तरी सीटवर बसवा, म्हणजे मागच्या चाकावर वजन येईल आणि ते जागच्या जागी घसरणार नाही. बसलेल्याने मागचा ब्रेक दाबून धरायचा. आता खडूने तीन खुणा करा: एक फ्रीव्हीलच्या दात्यावर, एक त्याच दात्यावर बसलेल्या चेनच्या कडीवर आणि एक त्यांच्या रेषेत येणाऱ्या स्पोकवर. उजवं पायडल पुढे आडवं ठेवा आणि हाताने, गरज पडली तर पायाने, हळूहळू वजन टाका. झटका मारू नका, चाक जागेवर असताना सटकलं की गुडघा कुठे आपटेल सांगता येत नाही. बोटं चेनपासून लांब.

सटकलं की खुणा बघा. कडीवरची खूण दात्यावरच्या खुणेपासून सरकली असेल तर चेन दात्यांवरून उडी मारतेय. कडी आणि दाता एकत्र आहेत, पण दोघंही स्पोकच्या खुणेपासून पुढे गेलेत, तर फ्रीव्हील आतून घसरतंय. तिन्ही खुणा जागच्या जागी आहेत आणि तरी पायडल हललं, तर मागे बघायची गरजच नाही, क्रँककडे या.

पायडलच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवर हेच करून बघा. झिजलेलं फ्रीव्हील कधी कधी दोन ठिकाणी धरतं आणि तिसऱ्या ठिकाणी सोडतं.

जागा कळली तरी खालच्या फुकटातल्या गोष्टी आधी करून घ्या. पुष्कळदा तिथेच काम संपतं.

पहिली तपासणी: घाण

भंगारातून आलेल्या फ्रीव्हीलच्या दात्यांच्या खाचांमध्ये जुनं तेल आणि माती मिळून डांबरासारखा थर बसलेला असतो. चेनचा रोलर खाचेच्या तळाशी बसायला पाहिजे. तळाशी थर असला की तो वर तरंगतो आणि जोर आला की दात्याच्या शेंड्यावरून निसटतो. बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक खाच खरवडा, मग डिझेलमध्ये भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा. रॉकेल मिळत असेल तर तेही चालतं. पेट्रोल नको. गॅसच्या शेगडीजवळ किंवा उदबत्तीपाशी बसून तर अजिबात नको. काम चालू असताना रिम आणि ब्रेकच्या रबरांवर फडकं टाका, तिथे डिझेल लागलं की ब्रेक गेला म्हणून समजा.

कोरडं झाल्यावर चेनच्या प्रत्येक रोलरवर एक थेंब पातळ तेल टाका आणि वरचं पुसून काढा. चेनवर ग्रीस फासणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही, पण ग्रीस बाहेरच राहतं, पिनपर्यंत पोचत नाही, उलट सगळी धूळ गोळा करतं.

दुसरी तपासणी: ढील आणि चाकाची जागा

सिंगल स्पीडच्या सायकलला चेनच्या खालच्या बाजूच्या मध्यावर बोटाने वर-खाली हलवून बघा. एकूण अर्धा इंच, म्हणजे 12-13 मिलीमीटर हालचाल असावी. पण एकाच जागी बघून थांबू नका. जुनी चेनव्हील्स अगदी गोल फिरत नाहीत, थोडी लंगडतात. पायडल सावकाश फिरवत चेन सगळ्यात ताठ कुठे होते ती जागा शोधा आणि अर्धा इंच तिथे ठेवा. ताठ जागी ढील ठेवली नाही तर दर फेरीत हबच्या आणि क्रँकच्या छर्र्यांवर ताण येतो. आणि सगळ्यात ढिल्या जागी ती इंचभर लोंबत असेल तर तिथेच सटकते.

पंक्चर काढून आणल्यावर सटकायला लागली, अशी तक्रार असेल तर मी सरळ मागच्या ॲक्सलचे नट बघतो. उजवा नट नीट आवळलेला नसला की चेन ॲक्सलचं ते टोक पुढे ओढते, चाक तिरकं होतं, टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासायला लागतं आणि चेन ढिली पडते. डाव्या नळीवर आतून रंग उडून काळा पट्टा दिसत असेल तर हेच झालंय. चेन ओढणारे दोन्ही स्क्रू, म्हणजे ॲडजस्टर, शाबूत आहेत का बघा. जमवलेल्या सायकलींत डाव्या बाजूचा बहुतेक वेळा गायब असतो. चाक मध्यभागी आणा, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, एकदम एक नाही.

तिसरी तपासणी: आखडलेली कडी

पायडल हाताने उलटं, अगदी सावकाश फिरवा आणि नजर फ्रीव्हीलच्या मागच्या बाजूवर ठेवा. आखडलेली कडी तिथून सुटताना सरळ होत नाही, कोन करून वर उठते आणि मग खाली पडते. तिला खडूची खूण करा. कडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे लावून चेन आडवी, डावी-उजवीकडे वाकवा. वर-खाली नव्हे, आडवी. एवढ्याने पट्ट्या जराशा फाकतात आणि कडी मोकळी होते. तेलाचा थेंब टाका. गंजून लाल झालेल्या चेनमध्ये अशा दोन-चार कड्या सापडल्या तर त्या सोडवत बसू नका, चेन गेली.

चेन तोडून परत जोडलेली असली तर आखडणारी कडी बहुधा जोडाचीच. पिन एका बाजूला जास्त आत गेलेली असते. लॉक (जोडाच्या कडीवरची पत्र्याची क्लिप) असलेली चेन असेल तर त्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते तिकडे पाहिजे. वरच्या बाजूला बघितलं तर पुढे, चेनव्हीलकडे. उघडं टोक पुढे असलं की एखादी फांदी किंवा चेनकव्हरचा पत्रा लागून लॉक उडतं. मग चेनच रस्त्यावर.

चौथी: चेनची रुंदी

ही नुसती बघायची आहे, पण सुटे पार्ट जमवणाऱ्यांची इथे हमखास गफलत होते. साध्या सायकलची चेन आतून 1/8 इंच रुंद, गिअरच्या सायकलची 3/32 किंवा त्याहूनही कमी. दोन पिनांमधलं अंतर मात्र दोन्हींचं अर्धा इंचच, त्यामुळे लांबून सारख्याच दिसतात. जाड चेन पातळ दात्यांवर चालते, जरा खुळखुळते एवढंच. पातळ चेन जाड दात्यांवर बसतच नाही, वर चढून राहते. वरून बघा: रोलर खाचेच्या तळाला टेकलाय का, की दोन्ही पट्ट्या दात्याच्या शेंड्यावर अडकल्यात? अडकल्या असतील तर बाकी काही तपासायला नको.

गिअरवाल्यांसाठी

सटकणं बहुतेकदा केबलचं असतं. मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या यंत्रापाशी, केबल जिथे येते तिथला गोल स्क्रू अर्धा वळसा फिरवा आणि बघा. चेन मोठ्या चकतीकडे जायला कां-कूं करत असेल तर स्क्रू बाहेरच्या दिशेने, छोटीकडे जायला करत असेल तर आत. काही फरक पडला नाही आणि केबल हाताने ओढताना खरखरत असेल तर केबल आणि तिचं कव्हर दोन्ही बदला. नवी केबल जुन्या गंजलेल्या कव्हरमध्ये घालणं म्हणजे पैसे वाया.

शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) एका सायकलचा, चकत्या दुसऱ्या सायकलच्या असतील तर गणित मुळातच जुळत नाही. शिमानोच्या 7 चकत्यांच्या संचात दोन चकत्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 5 मिलीमीटर, 8 च्या संचात 4.8. एका चकतीला 0.2 चा फरक वाटत नाही, पण सहा उड्यांनंतर तो मिलीमीटरच्या पुढे जातो, आणि मग खालचे गिअर जुळवले की वरचे बिघडतात. अशा मिसळीला माझा उपाय म्हणजे जुना, क्लिक न करणारा घर्षणाचा शिफ्टर. त्याला चकत्यांची संख्या कळतच नाही, आपल्या अंगठ्याला कळली की झालं.

आणि मागून बघा, डिरेलर चकत्यांना समांतर लटकतोय का. सायकल उजवीकडे पडली की तो ज्या पट्टीवर लटकतो ती हँगर आत वाकते. स्टीलच्या फ्रेमवर ती जराशी सरळ करता येते. ॲल्युमिनियमची हाताने सरळ करायला जाऊ नका, मोडते. तिथे थांबा आणि हँगर सरळ करण्याचं हत्यार असलेल्या मेकॅनिककडे जा.

फ्रीव्हीलच्या पोटातली कुत्री

खडूच्या खुणांनी फ्रीव्हील आतून घसरतंय असं सांगितलं, तर घाबरू नका. आत छोटी कुत्री असतात, साधारण दोन. बारीक तारेची स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते, ती बाहेरच्या कड्याच्या खाचांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पायडल थांबवल्यावर जी कटकट ऐकू येते ती त्यांचीच. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या सायकलच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, कुत्री त्यात चिकटून आतच राहतात. पायडल उलटं फिरवून कान द्या. कटकट एकसारखी असेल तर कुत्री जिवंत आहेत. मध्येच गायब होत असेल किंवा अजिबात नसेल, तर अडकलीत.

चाक काढून फ्रीव्हीलची बाजू वर करून आडवं ठेवा. फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसते. तिच्यात डिझेलचे थेंब सोडा, फिरवा, परत सोडा. खालून काळं, गंज असेल तर तपकिरी पाणी गळायला लागतं. खाली जुनं वर्तमानपत्र पाहिजेच. गळणारं स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवा. मग तासभर निथळू द्या आणि शिलाई मशीनचं किंवा तसंच पातळ तेल सोडा. ग्रीस नाही. घट्ट ग्रीसनेच तर हे झालं होतं.

कटकट परत आली आणि खडूची परीक्षा पास झाली, तरी आठवडाभर त्या सायकलवर उभं राहून पायडल मारू नका. ढिली पडलेली स्प्रिंग धुऊन ताठ होत नाही.

फ्रीव्हील उघडायचा मोह टाळा. वरच्या झाकणाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं, आणि सुटलं की बारीक छर्रे अंगणभर होतात. सिंगल स्पीडचं नवं फ्रीव्हील इतकं स्वस्त मिळतं की ही मेहनत फक्त शिकण्यासाठी करावी.

कॉटर पिन

गिअर नसलेल्या जुन्या काळ्या सायकलींत क्रँक ॲक्सलवर एका तिरप्या कापलेल्या पिनने आवळलेला असतो. ती झिजली की क्रँक थोडा पुढे-मागे हलतो. दोन्ही क्रँक आडवे ठेवून मागून बघा: एका सरळ रेषेत पाहिजेत. मग दोन्ही पायडल हातांनी एकदम खाली दाबा, पायडल अर्धी फेरी फिरवून परत दाबा. जो क्रँक जागचा हलतो त्याची पिन गेली.

नुसता नट आवळल्याने काम होत नाही. नट पिनला ओढून बसवण्यासाठी नाहीच, बसलेली पिन सुटू नये म्हणून आहे. जोर लावलात तर त्याचे आटे जातात. पिन ठोकून बसवावी लागते. आणि ठोकण्याआधी क्रँकखाली, पिन बाहेर येते तिथे, जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून उभा करा. आधार न देता हातोडा मारला तर तो घाव थेट बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेममध्ये क्रँकचा ॲक्सल फिरतो ती जागा) छर्र्यांवर आणि वाट्यांवर जातो; वाटीवर खड्डे पडले की क्रँक कायमचा खडखडतो. रस्त्याकडेला बसून विनाआधार कॉटर ठोकणाऱ्याला सायकल देऊ नका, हे मी नेहमी सांगतो.

नवी पिन नेताना जुनी सोबत न्या. 9 आणि 9.5 मिलीमीटर अशा दोन्ही जाडीच्या पिना येतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. सपाट बाजू कानशीने घासून बसवायची असते: थोडी घासा, घालून बघा, परत घासा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर क्रँक रेषेत येत नाहीत. बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत पुन्हा एकदा ठोकून नट आवळावा लागतो, कारण नवी पिन वापरात आणखी थोडी आत बसते.

आता मोजा: चेन आणि दाते

इथवर सगळं ठीक निघालं आणि खुणा म्हणतायत की चेन दात्यांवरून उडते, तर झीजच आहे. इंचाच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या. चेनच्या वरच्या बाजूला, पायडलवर हलका दाब देऊन ती ताठ ठेवा. एका पिनच्या कडेपासून मोजायला सुरुवात करा आणि 24 कड्या पुढच्या पिनची तीच कड बघा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच. 12 आणि 1/16 झालं असेल तर चेन बदलायची वेळ झाली. 12 आणि 1/8 झालं असेल तर नुसत्या चेनने भागणार नाही, फ्रीव्हीलही गेलंय असं धरून चला.

“चेन ताणली” असं आपण म्हणतो, पण पोलाद काही ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचं भोक थोडं थोडं झिजतं, आणि शंभरेक सांध्यांतली ती झीज मिळून चेन लांब होते. लांबलेली चेन दात्यांच्या खाचाही आपल्या मापाने मोठ्या करून घेते. म्हणून जुनी चेन जुन्या फ्रीव्हीलवर कुरकुर न करता चालते. तिच्या जागी बरोबर मापाची नवी चेन घातली की तिला त्या रुंदावलेल्या खाचांमध्ये जागा सापडत नाही. सगळा भार एखाद्याच दात्यावर येतो, त्याचं वाकडं टोक पुढच्या रोलरला खाली बसू देत नाही, आणि जोर आला की चेन एक दाता उडी मारते. नवी चेन टाकल्यावर दुखणं सुरू होतं ते यामुळे.

दाते कसे ओळखायचे? नखाने. दात्याच्या एका उतारावरून नख फिरवा, मग दुसऱ्या. नव्या दात्याचे दोन्ही उतार सारखे लागतात. झिजलेल्याच्या ज्या बाजूवर चेन ओढते तिथे पोकळी लागते आणि शेंडा आकड्यासारखा झुकलेला असतो. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या ढिगातून फ्रीव्हील उचलायची असेल, तर हीच परीक्षा उभ्या उभ्या करा, आणि फिरवून कटकट ऐका. विकणारा “एकदम चालू माल आहे” म्हणेलच.

माझा स्वतःचा नियम असा: फ्रेम, हँडल, हब, मडगार्ड, कॅरिअर, चेनव्हील जुनं चालेल. चेन आणि फ्रीव्हील मात्र दोन्ही नवीन, एकाच दिवशी. किंवा दोन्ही जुनी, एकाच सायकलवरून काढलेली, एकत्र झिजलेली. मोठं चेनव्हील एवढं लवकर झिजत नाही, कारण त्याच्यावर एका वेळी कितीतरी दाते भार वाटून घेतात. तरी चेन पुढच्या टोकाला बोटाने ओढून बघा. दाता अर्ध्याहून जास्त उघडा पडला तर चेन किंवा चेनव्हील, दोघांपैकी कुणीतरी संपलंय. नवी चेन घालूनही तसंच दिसलं, तर चेनव्हील.

दात्यांचे आकडे कानशीने घासून सपाट करून देणारे मेकॅनिक आहेत. गावी जाईपर्यंत चालतं. त्याहून जास्त विश्वास त्यावर ठेवू नका, कारण खाच रुंदावलेली ती रुंदावलेलीच राहते.

फ्रीव्हील उतरवणं

फ्रीव्हील सरळ आट्यांवर बसतं आणि प्रत्येक पायडलबरोबर आणखी आवळलं जातं. त्यामुळे ते कमालीचं घट्ट असतं. त्याच्या आतल्या खाचांना बरोबर बसणारा रिमूव्हर घ्या. दोन खाचांचा वेगळा, अनेक दात्यांचा वेगळा. रिमूव्हर बसवून वरून ॲक्सलचा नट हाताने लावा म्हणजे तो उसळून खाचा खाणार नाही. रिमूव्हर टेबलाच्या वाइसमध्ये पकडा आणि दोन्ही हातांनी चाकच घड्याळाच्या उलट फिरवा. पान्यापेक्षा असं खूप सोपं जातं. पहिला झटका सुटला की थांबा, नट ढिला करा, मग पुढे.

दोन खाचांचं जुनं फ्रीव्हील निघत नसेल तर एक रात्र आट्यांवर पातळ तेल सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशीही रिमूव्हर खाचांतून सटकायला लागला तर तिथेच थांबा. खाच एकदा गोल झाली की पुढे फक्त कापणं उरतं.

नवीन बसवताना आट्यांना ग्रीस लावा, हाताने फिरवा. आटे सर्रास 1.37 इंच आणि इंचाला 24 असे असतात, पण भंगारातल्या हबचे गंजलेले किंवा चिरडलेले असू शकतात. पहिले दोन-तीन वळसे बोटांनी सहज गेले नाहीत तर मागे फिरवा. ॲल्युमिनियमच्या हबवर तिरकं बसवून पान्याने ढकललं की हब गेलंच.

रेषा आणि फ्रेम

सगळं नवं, तरी चेन उतरते? सायकलच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटा आणि फ्रीव्हीलच्या दात्यांवरून पुढे बघा. चेनव्हील त्याच रेषेत दिसलं पाहिजे. दुसऱ्या सायकलचा बॉटम ब्रॅकेटचा ॲक्सल घातला असेल तर लांबीच्या फरकाने चेनव्हील आत किंवा बाहेर जातं. मागच्या चाकाच्या ॲक्सलवर उजव्या बाजूला एखादा जास्तीचा वायसर घालून किंवा काढून थोडा फरक भरता येतो. चाक मग परत मध्यभागी आणावं लागतं, हे लक्षात ठेवा.

वायसरने भागत नसेल तर सुतळी घ्या. मागच्या उजव्या खोबणीला, जिथे ॲक्सल बसतो, एक टोक बांधा, पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून डाव्या खोबणीला ताठ बांधा. सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजा. दोन-तीन मिलीमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागचा त्रिकोण वाकलाय.

इथे हात आखडता घ्या

वाकलेला मागचा त्रिकोण घरी फळी अडकवून सरळ करू नका. स्टीलची फ्रेम असेल तर फ्रेमचं काम करणाऱ्या कारागिराकडे न्या. ॲल्युमिनियमची असेल तर ती सरळ करायच्या नादाला लागू नका, दुसरी बघा. खोबणीपाशी, बॉटम ब्रॅकेटपाशी किंवा जोडांवर रंगाला केसासारखी चीर दिसली, तिथून गंजाची रेघ ओघळत असेल, तर सायकल चालवणं बंद आणि जाणकाराला दाखवेपर्यंत बंदच. हबचे आटे उडालेत, क्रँक ॲक्सलवर गंजून जाम झालाय, कॉटर मुंडी तुटून आत अडकलीय: तिन्ही कामांना ड्रिल, प्रेस किंवा लेथ लागतं, तेव्हा सायकलच्या दुकानातून माहिती काढून वर्कशॉपला जा. मुलांना शाळेत न्यायची सायकल असेल आणि दोन दुरुस्त्यांनंतरही एकदा जरी सटकली, तर स्वतः प्रयोग थांबवा.

शेवटची चाचणी मोकळ्या मैदानात घ्या, रहदारीत नको. सीटवर बसूनच, आधी हळू, मग जोरात, मग छोट्या चढावर. उभं राहून पायडल मारायचं ते सगळ्यात शेवटी. आठवडाभराने ॲक्सलचे नट, चेनची ढील आणि कॉटर पुन्हा एकदा बघून घ्या.